आठ पेन्स, बुडालेलं जहाज आणि मायफळाची शाई : प्राथमिक वर्गात ट्यूडर काळ शिकवताना

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेत ट्यूडर काळ, म्हणजे ट्यूडर राजघराण्याच्या राज्याचा 1485 ते 1603 हा काळ, आला की वर्ग सजायला वेळ लागत नाही. भिंतीवर आठवा हेन्री, त्याच्या खाली सहा राण्या, खिडकीत काळ्या-पांढऱ्या घरांची रांग, आणि शेवटच्या शुक्रवारी झालरीची कॉलर लावून आलेली तीस मुलं. गणिताच्या तासाला मग 'हेन्रीने 48 कोंबड्या 6 राण्यांना सारख्या वाटल्या' असं उदाहरण येतं. त्यात हेन्रीच्या जागी शेजारचे काका घातले तरी काही बिघडत नाही. भागाकार तोच आहे, त्याला फक्त टोपी घातली आहे.

विषय एकमेकांत गुंफायचे तर कसोटी सोपी ठेवावी: धड्यातून ट्यूडर काढून टाकला तर धडा उभा राहतो का? राहत असेल तर तो धडा या प्रकल्पात नको, नेहमीच्या तासाला वेगळा घ्या. या कसोटीला उतरणारे धडे पुढे दिले आहेत. हिशोब इयर 4 किंवा 5 च्या (8 ते 10 वर्षं) 30 मुलांच्या वर्गाचा आणि सहा आठवड्यांचा धरला आहे. ब्रिटनमधल्या शाळांत शिकवणारे मराठी शिक्षक, तिथल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक या सगळ्यांना यातलं काही ना काही उचलता येईल.

आधी प्रश्न, मग सजावट

2014 पासून लागू असलेल्या इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात की स्टेज 2 (7 ते 11 वर्षं) मध्ये ट्यूडर हा सक्तीचा घटक नाही. 1066 नंतरच्या ब्रिटिश इतिहासातला एखादा पैलू किंवा विषय शाळेने निवडायचा असतो, त्या जागेत ट्यूडर बसतात. म्हणजे 'सगळं उरकायचं' असं बंधन तुमच्यावर नाही. त्याचा फायदा घ्या. 'ट्यूडर लोक कसे राहत?' हा प्रश्न इतका सैल आहे की कुठलंही उत्तर चालतं. त्याऐवजी असा प्रश्न घ्या: 1485 ते 1603 या 118 वर्षांत इंग्लंडमधल्या साध्या माणसाच्या आयुष्यात काय बदललं आणि काय तसंच राहिलं? हा प्रश्न मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा आणि दर शुक्रवारी दहा मिनिटं त्याच्याकडे परत या.

आठवड्यांची विभागणी साधारण अशी: पहिला काळाच्या पट्टीला, दुसरा पैशाला, तिसरा जहाजाला, चौथा धर्मबदल आणि शाईला, पाचवा घर आणि जेवणाला, सहावा समुद्रापलीकडे आणि उजळणीला. शाईचं लोखंडी पाणी आणि कुडाची माती यांना आधीपासून वेळ लागतो. लोखंडी पाणी तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी भिजत घाला. माती चौथ्या आठवड्यातच लिंपून घ्या, म्हणजे पाचव्यात ती वाळलेली हातात मिळेल.

पहिला आठवडा: 5 सेंटिमीटरचं एक वर्ष

काळाची पट्टी बहुतेक वर्गांत असते, पण ती प्रमाणात नसते. सगळ्या राजांना सारखा चौकोन मिळतो आणि मुलांना वाटतं, सगळ्यांनी सारखंच राज्य केलं. 1 वर्ष = 5 सेंमी असं प्रमाण धरा. पूर्ण ट्यूडर काळ 590 सेंमीचा होतो, म्हणजे वर्गाच्या एका लांब भिंतीवर मावतो.

मोजमाप मुलांनाच करू द्या. सातवा हेन्री, 1485 ते 1509: 120 सेंमी. आठवा हेन्री, 1547 पर्यंत: 190 सेंमी. सहावा एडवर्ड, 1553 पर्यंत: 30 सेंमी. मेरी, 1558 पर्यंत: 25 सेंमी. एलिझाबेथ, 1603 पर्यंत: 225 सेंमी. बेरीज 590 आली तर मोजणी बरोबर. मधे लेडी जेन ग्रे राहते. तिच्या राज्याचे नऊ दिवस या प्रमाणात जेमतेम सव्वा मिलिमीटर होतात, टोकदार पेन्सिलीची एक रेघ. ती रेघ मुलं विसरत नाहीत.

आता हेन्रीच्या 190 सेंमीवर सहा राण्या लावायला सांगा. पहिली कॅथरिन ऑफ अॅरगॉन 1509 ते 1533, म्हणजे एकटीच 120 सेंमी खाते. उरलेल्या पाचजणी शेवटच्या 70 सेंमीत दाटीने उभ्या राहतात. अॅन ऑफ क्लीव्ह्जचं लग्न जानेवारी ते जुलै 1540 टिकलं, म्हणजे अडीच सेंमी. 'तो सारखा बायका बदलत होता' या समजाला इथे धक्का बसतो आणि खरा प्रश्न पुढे येतो: चोवीस वर्षं चाललेला संसार मोडला, तेव्हा असं काय घडलं? धर्म, वारस आणि सत्ता हे तिन्ही धागे या प्रश्नाला जोडलेले आहेत.

दोरी वापरू नका, ताणली की सैल पडते आणि 590 चे 600 होतात. भिंतीवर रंगाऱ्यांचा कागदी चिकटपट्टा लावा आणि दर 50 सेंमीला खूण करा. 1533 ते 1543 या अर्ध्या मीटरमध्ये कार्डांची गर्दी होते, म्हणून तिथली कार्डं वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्यांनी खाली लोंबती ठेवा. वेळ असेल तर हीच पट्टी आजपर्यंत वाढवायला वर्ग मैदानात न्या. 1485 पासून आजपर्यंतचं अंतर 27 मीटर भरतं.

हुशार मुलांसाठी एक गंमत: तेव्हा इंग्लंडमध्ये कायद्याचं नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. एलिझाबेथ वारली 24 मार्च 1603 ला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने 1602 च्या अगदी शेवटच्या दिवशी. गुढीपाडव्याला नवं वर्ष धरणाऱ्या घरातल्या मुलाला हे समजावण्यात वेळ जात नाही.

दुसरा आठवडा: जॉन ब्लँकचा पगार

पैशाचा धडा या प्रकल्पातला सर्वांत भरीव. 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाला 240 पेन्स. 4 पेन्सचं नाणं ग्रोट. ही पद्धत ब्रिटनमध्ये 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत चालली, त्यामुळे इंग्रज मुलांच्या आजी-आजोबांनी ती हाताळलेली आहे. मराठी घरातल्या मुलाच्या पणजीला विचारलं तर ती सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा सांगेल. तो 1 एप्रिल 1957 ला दशमान झाला. दहाच्या पाढ्याशिवायही पैसे मोजता येतात, हे मुलांना दोन्ही घरांतून कळू द्या.

आता खरा कागद. सातव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय तुतारीवाला होता. 1507 च्या डिसेंबरातल्या हिशोबात त्याच्या नोव्हेंबरच्या पगाराची नोंद आहे: रोज 8 पेन्सप्रमाणे 20 शिलिंग. फळ्यावर एवढंच लिहा आणि विचारा: कारकुनाने हिशोब बरोबर केला का? नोव्हेंबरचे 30 दिवस गुणिले 8 म्हणजे 240 पेन्स, 12 ने भागले की 20 शिलिंग, म्हणजे बरोबर एक पौंड. पाचशे वर्षांपूर्वीचा हिशोब आपण तपासला, आणि तो जुळला. हे उदाहरण रचलेलं नाही, म्हणूनच ते लागतं.

पुढचे प्रश्न: याच दराने फेब्रुवारीचा पगार किती? (28 दिवसांचे 224 पेन्स, म्हणजे 18 शिलिंग 8 पेन्स. इथे भागाकारात बाकी उरते, तीच तर हवी.) पुढे त्याने आठव्या हेन्रीकडे अर्ज केला की आपल्यालाही 16 पेन्स रोज मिळावेत, आणि तो मान्य झाला. मग महिन्याचा फरक किती? भाषेच्या तासाला मुलं हाच अर्ज लिहितील: कोणाला उद्देशून, कोणतं कारण, किती मागणी, शेवटी किती नम्रता. 1511 च्या वेस्टमिन्स्टर स्पर्धेच्या लांब चित्र-गुंडाळीत जॉन ब्लँक घोड्यावर, डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र बांधून दोनदा दिसतो. चित्र वर्गात दाखवा. ट्यूडर इंग्लंडमध्ये सगळे गोरेच होते, हा समज त्याने आपोआप जातो, त्यावर वेगळं भाषण लागत नाही.

मुलं इथे हटकून चुकतात ती दोन ठिकाणी. एक, 18 शिलिंग 8 पेन्सचं ती 18.8 लिहितात. शिलिंग आणि पेन्सचे दोन वेगळे रकाने आखून दिले की चूक थांबते. दोन, 240 ला आधी 20 ने भागून 12 शिलिंग सांगतात. पुठ्ठ्याची नाणी करून द्या, प्रत्येक गटाला 60 पेनी, 15 ग्रोट, 10 शिलिंग. नाणी हातात असली की भागाकार कशाने करायचा हे विचारावं लागत नाही.

तेव्हाच्या हिशोबात बहुतेक रोमन अंक असत आणि ओळीतला शेवटचा 'एक' लांब शेपटी काढून लिहीत, म्हणजे पुढे कोणी गुपचूप एक वाढवू नये. 100 पर्यंतचे रोमन अंक इयर 4 च्या गणितात आहेतच. रोमन अंकांत 18 शिलिंग 8 पेन्स आणि 17 शिलिंग 9 पेन्स यांची उभी बेरीज करून बघा म्हणावं. मुलं पाच मिनिटांत वैतागतात, आणि आपले अंक किती सोयीचे आहेत हे त्या वैतागातूनच उमगतं. ते अंक भारतातून अरबांमार्फत युरोपात गेले, हेही इथेच सांगून टाका.

याच आठवड्यात बरोबरचं चिन्ह. वेल्समधल्या टेन्बीच्या रॉबर्ट रेकॉर्डने 1557 साली, मेरीच्या राज्यात, ते पहिल्यांदा छापलं. 'इतक्याला समान' हे शब्द परत परत लिहिण्याचा त्याला कंटाळा आला होता, आणि दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी त्याला सुचल्या नाहीत. त्याच्या रेघा आजच्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. बहुतेक मुलांना '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं वाटतं. 7 + 5 = ☐ + 4 दिलं की निम्मा वर्ग चौकटीत 12 लिहितो. आधी पाच ओळी चिन्हाशिवाय, शब्दांत लिहून घ्या, मग रेकॉर्डच्या लांब रेघा वापरू द्या, आणि मग नाण्यांची समीकरणं: 1 शिलिंग + 4 पेन्स = ☐ ग्रोट. (4.) तराजूची दोन पारडी डोळ्यांपुढे आली की चौकटीत 8 येतं.

तिसरा आठवडा: मेरी रोझ का कलली?

19 जुलै 1545 रोजी पोर्ट्समथसमोरच्या सोलंट सामुद्रधुनीत, फ्रेंचांशी लढाई चालू असताना, आठव्या हेन्रीचं मेरी रोझ हे जहाज कलंडून बुडालं. सुमारे 500 माणसांपैकी पस्तीसही वाचली नाहीत. शत्रूने चढू नये म्हणून वर ताणलेल्या जाळीत बरीच अडकली. 11 ऑक्टोबर 1982 ला जहाजाचा उरलेला सांगाडा वर काढला. आज तो पोर्ट्समथच्या संग्रहालयात आहे आणि सोबत 19,000 हून अधिक वस्तू.

विज्ञानाचा तास असा घ्या. प्रत्येक गटाला हॉटेलातून पार्सल येतं तसा 650 मिलीचा आयताकृती प्लास्टिकचा डबा, साधारण 5 सेंमी खोल. बँकेतून 2 पेन्सच्या नाण्यांच्या पिशव्या आणा, एका पिशवीत 1 पौंडाची 50 नाणी असतात. गटाला एक पिशवी पुरते. एक नाणं 7.12 ग्रॅमचं, म्हणजे 42 नाणी जवळपास 300 ग्रॅम. सात-सात नाण्यांच्या सहा चळती चिकटपट्टीने घट्ट बांधा. शिवाय डब्यात बसेल असा 4 सेंमी जाड थर्माकोलचा तुकडा, आणि अर्ध्याहून अधिक भरलेलं पाण्याचं मोठं टब.

पायऱ्या अशा:

1. सहा चळती डब्याच्या तळाशी सारख्या अंतरावर ठेवा, वर थर्माकोल ठेवा. डबा टबात तरंगवा. बाहेरून पाण्याची रेघ मार्करने आखा, साधारण 2 सेंमीवर येते.
2. डबा पुसून घ्या. एका लांब बाजूला, रेघेच्या बरोबर 1 सेंमी वर, 8 मिमी व्यासाची तीन भोकं मोठ्या माणसाने पाडायची. ही तोफांची दारं. ती चिकटपट्टीने बंद करा.
3. डबा पुन्हा तरंगवा. भोकांच्या बाजूच्या काठाला आतून 3 नाणी चिकटवा. किती कलतो ते मोजा. डबा थोडासाच झुकतो.
4. आता दारं उघडा. तरीही पाणी आत येत नाही.
5. काठावरची नाणी काढा, थर्माकोल तळाशी घाला, चळती त्याच्यावर. वजन तेच, फक्त उंचीवर. पुन्हा काठाला तीच 3 नाणी. डबा चांगलाच कलतो, दारं पाण्याखाली जातात, आणि एकदा पाणी शिरलं की सावरायला वेळ मिळत नाही.

यात काय चुकतं? थर्माकोल पहिल्या वेळी बाहेर ठेवला तर वजन बदललं म्हणून मुलं भांडतात, आणि त्यांचं बरोबर असतं. तो दोन्ही वेळा आत हवाच. भोकं रेघ आखण्याआधी पाडली तर ती हमखास चुकीच्या उंचीवर येतात. चळत सुटली की नाणी घरंगळतात आणि डबा वेगळ्याच कारणाने बुडतो. आणि बोटाने ढकलायचं नाही. प्रत्येकाचं बोट वेगळ्या जोराचं असतं, तीन नाण्यांचं वजन मात्र सगळ्या गटांत सारखं.

प्रयोग झाला की थांबा. 'म्हणजे मेरी रोझ वजनामुळेच बुडाली' असं मुलं लगेच म्हणतील. तसं सिद्ध झालेलं नाही. वळताना आलेला वारा, उघडी राहिलेली खालची दारं, नंतर चढवलेल्या जड तोफा, जादा माणसं, फ्रेंचांनी सांगितलेला तोफगोळा, अशी कारणं मांडली जातात. आपल्या डब्याने इतकंच दाखवलं की वजन उंचावर गेलं तर थोडासा झोकही पुरतो. 'शक्य आहे' आणि 'तसंच झालं' यांतला फरक विज्ञानाच्या वहीत लिहून घ्या. इतिहासाच्या वहीतही त्याच वाक्याची नोंद हवी.

दुसऱ्या दिवशी वस्तू. संग्रहालयाने प्रसिद्ध केलेल्या चित्रांतून आठ निवडा: उवांचा कंगवा, फासे, पटावरचा खेळ, चामड्याचा बूट, वैद्याची पेटी, सुताराची हत्यारं, लांब धनुष्य, आणि जहाजावरच्या कुत्र्याचा सांगाडा. तीन रकाने: काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, काय कळूच शकत नाही. तिसरा रकाना सगळ्यांत अवघड जातो, म्हणून तो आधी भरून घ्या. पोर्ट्समथला सहल नेणार असाल तर ती या तासानंतर ठेवा. आधी नेली तर मुलं काचेपुढून धावत सुटतात.

चौथा आठवडा: एकाच चर्चची चार चित्रं

धर्मबदलाचा, म्हणजे इंग्लंड कॅथलिक पंथाकडून प्रॉटेस्टंट पंथाकडे गेल्याचा, भाग शिक्षक टाळतात किंवा 'हेन्रीला घटस्फोट हवा होता' एवढ्यावर उरकतात. वर्गात हा धागा सर्वांत साधा धरता येतो तो गावातल्या चर्चच्या भिंतीवरून. एका मोठ्या कागदाच्या चार घड्या करा. 1525: रंगीत भिंती, संतांच्या मूर्ती, मेणबत्त्या, लॅटिन. 1550: भिंतींना चुना, मूर्ती गेलेल्या, 1549 चं इंग्रजी प्रार्थनापुस्तक. 1556: मेरीच्या राज्यात पुन्हा लॅटिन, जे लपवून ठेवलं होतं ते बाहेर. 1565: एलिझाबेथ, पुन्हा इंग्रजी, बऱ्याच मूर्ती पुन्हा नाहीशा. चौकटीच्या कोपऱ्यात प्रत्येक वेळी तीच म्हातारी काढायला सांगा आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते एका वाक्यात. 1525 मध्ये ती वीस वर्षांची होती, 1565 मध्ये साठीची. इंग्रजीच्या तासाला ही चार वाक्यंच चार परिच्छेद होतात.

मेरीच्या पाच वर्षांत 280 च्या आसपास प्रॉटेस्टंटांना जाळलं गेलं आणि एलिझाबेथच्या काळात कॅथलिक पाद्र्यांना फाशी झाली, या दोन्ही गोष्टी सांगा, वर्णन न करता. एकच सांगितली तर तो इतिहास राहत नाही, एका बाजूची तक्रार होते.

शाईचा प्रयोग याच आठवड्यात. तेव्हाची शाई ओकच्या झाडावरच्या गाठी, हिराकस आणि डिंक यांची. ओकची ही गाठ म्हणजे आपलं मायफळ, बाळगुटीतलं. मराठी घरात ते असेलच, तर सहाणेवर पाण्यात उगाळून चमचाभर आणायला सांगा. नसेल तर काळा चहा चालतो: 100 मिली उकळत्या पाण्यात 4 पिशव्या, 20 मिनिटं. लोखंडी पाण्यासाठी साबण नसलेल्या स्टील वूलचा लिंबाएवढा गोळा 50 मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तीन दिवस. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची जाळी वापरली तर काहीच घडत नाही, बहुतेक फसलेल्या प्रयोगांचं कारण हेच असतं. चार चमचे चहाच्या अर्कात एक चमचा लोखंडी पाणी घाला. तपकिरी रंग बघता बघता करडा-काळा होतो. किंचित डिंक घातला की कागदावर पसरत नाही. पिसाच्या लेखणीचा चिरा अर्ध्या सेंमीहून लांब नको, नाहीतर शाई एकदम ओघळते. टोक मोठ्यांनी आधीच कापून ठेवावं. बोरू मिळाला तर मुलांच्या हाताला तो जास्त सोपा. डाग धुऊन जात नाहीत, हे पालकांना आदल्या दिवशी कळवा.

पाचवा आठवडा: कूड, कालवण आणि बाकीचं

ट्यूडर लाकडी घराच्या भिंती म्हणजे कूड. उभ्या काठ्यांत आडव्या फांद्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती लिंपायची. कोकणात कारवीचा कूड शेणमातीने लिंपतात, पद्धत तीच आणि इंग्लंडातल्या मातीतही शेण मिसळत. A4 आकाराच्या लाकडी चौकटीत पाच उभ्या काड्या बसवा, विलोच्या ओल्या फांद्या एकाआड एक विणा.  चिकणमाती 4 भाग, वाळू 2, बारीक कापलेलं गवत 1. पाणी इतकंच की मातीची सुरळी करून वाकवली तर तुटू नये. दोन्ही बाजूंना 1 सेंमीचा थर, वाळायला आठवडा. भेगा पडल्या तर पाणी किंवा चिकणमाती जास्त झाली. अशा वेळी वाळू वाढवून दुसरा पातळ थर द्या.

लाकूड काळं रंगवायचा मोह आवरा. काळं-पांढरं रूप बरंचसं व्हिक्टोरियन काळातलं आहे. ओक बहुतेकदा न रंगवता सोडत आणि तो करडा पडे. आणि शेवटी घरांची रांग पेटवून 'लंडनची आग' करू नका. ती 1666 ची, ट्यूडर संपून त्रेसष्ट वर्षं झाली होती.

कालवण म्हणजे पॉटेज, गरिबाचं रोजचं जेवण. 30 मुलांना चाखण्यापुरतं: 250 ग्रॅम बार्ली, 300 ग्रॅम रात्री भिजवून शिजवलेली वाटाण्याची डाळ, 4 लीक, 3 कांदे, अर्धा कोबी, 600 ग्रॅम पार्सनिप, साडेतीन लिटर पाणी, पार्सली, मीठ, पाऊण तास. बार्लीत ग्लूटेन असतं, त्यामुळे अॅलर्जीची यादी आधी बघा. बटाटा, टोमॅटो, मिरची घालायची नाही. त्या अमेरिकेतून आल्या आणि हेन्रीच्या ताटात नव्हत्या. मराठी मुलं इथे चमकतात: मग आपल्याकडे तेव्हा भाजी कशी करत? 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज आहे एवढं सांगा, बाकी घरी विचारून येऊ द्या.

चित्रकलेत निकोलस हिलियर्ड या ट्यूडर चित्रकाराच्या लघुचित्रांसारखं काम घ्या. तो चर्मपत्र पत्त्याच्या पानावर चिकटवून रंगवी. जुन्या पत्त्यांच्या मागे 5 सेंमीचा अंडाकृती कागद, निळी पार्श्वभूमी, चेहऱ्यावर सावली नाही, शून्य नंबरचा ब्रश. लहान आकारामुळे 'मला चित्र येत नाही' म्हणणारी मुलंही पुरं करतात. शारीरिक शिक्षणाला पॅव्हान नाच: एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, मग तीन पुढे आणि जुळवणी. दोन तासांत बसतो.

कपड्यांवर वेगळा तास नको. 1571 च्या कायद्याचा एक प्रश्न पुरतो: सहा वर्षांवरच्या बहुतेक साध्या माणसांनी रविवारी आणि सणाला इंग्लंडात केलेली लोकरीची टोपी घातलीच पाहिजे, असं सरकारने का म्हटलं असेल? (लोकरीच्या टोप्या करणाऱ्यांचा धंदा टिकावा म्हणून.)

सहावा आठवडा: विल्टशरहून राशोलपर्यंत

फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीच्या जगप्रदक्षिणेचा (1577 ते 1580) नकाशा सगळे करतात. करा, पण 1560 च्या दशकात जॉन हॉकिन्सने आफ्रिकेतून माणसं पकडून गुलाम म्हणून विकली आणि त्या सफरींत तरुण ड्रेक होता, हे त्याच नकाशावर असू द्या. नकाशा अर्धा कोरा ठेवून धाडसाची गोष्ट सांगणं दहा वर्षांच्या मुलालाही फसवणं आहे.

मराठी मुलं वर्गात असतील तर दुसरी रेघ जरूर ओढा. विल्टशरमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा कॅथलिक इंग्रज, एलिझाबेथच्या राज्यात धर्मासाठी देश सोडून रोमला गेला, जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघात गेला, लिस्बनहून जहाजाने निघून ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्याला पोचला. नोव्हेंबरात त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं, प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजल्याचं त्यात आहे. तोच पुढे मराठी शिकला आणि त्याने ओवीत क्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. म्हणजे 'ट्यूडर माणसाने लिहिलेलं मराठी' असं खरोखर काही आहे. 1583 मध्ये राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी आणि त्याचे सोबती हेर समजून गोव्यात तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यात याच स्टीफन्सचा हात होता. चौथ्या आठवड्यातली म्हातारी आणि हा पाद्री यांना नकाशावर एका धाग्याने जोडा: तिने चर्च बदलताना पाहिलं, त्याने त्यापायी देश सोडला. भाषेचं शेवटचं काम म्हणजे त्याच्या वडिलांच्या जागी बसून त्या पत्राला उत्तर लिहायचं. इंग्रजीत किंवा मराठीत, मुलाला वाटेल तसं.

उजळणीसाठी बारा कार्डं करा, त्यांतली चार खोटी: 1520 च्या मेजवानीत उकडलेला बटाटा, ट्यूडर लंडनची मोठी आग, काळ्या रंगाने मुद्दाम रंगवलेली घरं, सहाही राण्यांना मिळालेला सारखा काळ. खरी म्हणून जॉन ब्लँकचे 20 शिलिंग, रेकॉर्डच्या लांब रेघा, लोकरीची टोपी, जेनचे नऊ दिवस, मेरी रोझचं कुत्रं, मायफळाची शाई, दोनदा चुना लागलेली चर्चची भिंत आणि गोव्याचं पत्र. जोडीने एक कार्ड उचलायचं, खरं की खोटं सांगायचं आणि पुरावा वर्गात कुठे आहे तिथे जाऊन बोट ठेवायचं: पट्टीवर, डब्यावर, कागदावर. गुण उत्तराला एक आणि बोटाला दोन. कार्डं पुढच्या वर्षासाठी जपून ठेवा आणि नाणी लगेच पिशव्यांत भरून बँकेत परत करा, एखाद्या गटाची तीन नाणी हमखास डब्याच्या काठाला चिकटून राहतात.